मुरत घातलेली द्राक्षं

अण्णा प्लॅस्टिकला शेवटपर्यंत कापडच म्हणत. "कापड आलं का?" "आज कापड गारठलंय, जरा उन्हात धरा." मुंबईहून आगगाडीनं येणाऱ्या त्या गुळगुळीत, दुधी गुंडाळ्यांना ते ताके म्हणत, आणि टेबलावर ताका सोडला की आधी तळहात फिरवून त्याची वीण शोधत. वीण नसायचीच. हात सरकत पुढे जायचा आणि अण्णांच्या चेहऱ्यावर दरवेळी तेच थोडंसं आश्चर्य यायचं. जन्मभर सुती लुगड्यांवर लाकडी ठसे मारलेल्या माणसाच्या हाताला ते खोटं वाटत असणार. मी मोठी झाल्यावर कधीतरी त्यांना विचारलं होतं, तर म्हणाले, "कापड रंग पितं. ह्येला तहानच न्हाई."

आमचं घर संगमनेरकडचं, रंगाऱ्यांचं. गिरणीची छापील लुगडी खेडोपाडी पोचली तसे ठसे उंबऱ्यावर येऊन बसले. आई त्यातल्या एका जाड ठशाचा पाट करून त्यावर दिवा ठेवायची. अशात अण्णांच्या एका ओळखीच्या माणसानं निरोप आणला की पिंपरीत एका शेठला छपाई जाणणारा माणूस हवाय, कापडावरची नव्हे पण हात सारखाच. आम्ही तिघं एक ट्रंक, एक पाटा-वरवंटा आणि बारा ठशांचं गाठोडं घेऊन आलो. ठसे कशाला, असं मी विचारलं नाही. त्यांचा उपयोग नव्हता, पण ते मागे ठेवणंही शक्य नव्हतं.

पिंपरी तेव्हा म्हणजे रूळ, रुळांच्या अलीकडे जुनं गाव आणि शेतं, पलीकडे फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांच्या बराकी, आणि मधे-मधे नव्यानं उठणारे कारखाने. आमची खोली शेडच्याच आवारात होती, पत्र्याची. मालगाडी गेली की फळीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून किणकिणायची, आणि आई न बघता सांगायची, "भरलेली चाललीय" किंवा "रिकामी हाय". शेडमधून दिवसभर दोन आवाज यायचे. एक थंडीत ताका सोडताना होणारा चर्रर्र असा, नवं घोंगडं झटकावं तसा. दुसरा चौकटीचा. लाकडी चौकटीवर रेशमी जाळी ताणून बसवलेली, जाळीत नक्षीपुरती भोकं उघडी ठेवलेली; ती प्लॅस्टिकवर ठेवून आत रंग ओतायचा आणि रबराच्या पट्टीनं अलीकडून पलीकडे ओढायचा. सर्र. चौकट उचलायची, पुढे सरकायची. पुन्हा सर्र. एका रंगाला एक चौकट. देठाची तपकिरी, पानाची हिरवी, द्राक्षांची जांभळी. टेबलाच्या कडेला खिळे मारलेले असत, त्यांना चौकट टेकली की पान देठालाच लागायचं. नाही टेकली तर पान एकीकडे, देठ एकीकडे.

असं एकीकडे गेलेलं सगळं आमच्या घरात यायचं. फळीला झालर म्हणून पानांवाचून द्राक्षं, लोणच्याच्या बरणीवर द्राक्षांवाचून पानं, माझ्या पुस्तकांना नुसते देठ. आईला ह्या वस्तूचं फार कौतुक. पाणी पडलं तरी पुसून मोकळं! पहिल्याच आठवड्यात तिनं अण्णांची भाकरी फडक्याऐवजी प्लॅस्टिकमध्ये बांधून दिली. दुपारी सोडली तर भाकरीला घाम आलेला आणि वास असा, की अण्णांच्या जोडीला काम करणारा खंडू म्हणाला, "वहिनी, भाकर खाऊ का टेबलावर पसरू?"

खंडू मोशीचा. इंद्रायणीकाठी त्यांची शेती होती, पण धाकटा म्हणून तो सायकल मारत रोज इकडे यायचा. हँडलला कधी वांगी, कधी हरभऱ्याचे डहाळे लटकलेले. ताका ओढायचं काम त्याचं. मी कॉलेजात जाते म्हणून तो मला प्रोफेसरीणबाई म्हणायचा. "प्रोफेसरीणबाई, आज काय शिकला?" मी लाजून काहीतरी सांगायची. खरं सांगण्यासारखं काही नसायचं.

का, ते आता सांगते. सकाळच्या गाडीनं मी पुण्याला जायची, स्टेशनापासून चालत कॉलेजात. सायन्सचं पहिलं वर्ष. आमच्या घरात मॅट्रिकपर्यंतदेखील कुणी गेलेलं नव्हतं. वर्गात सगळं इंग्रजीतून. मी मागच्या बाकावर बसून कानावर पडेल ते मराठी अक्षरांत उतरवून घ्यायची, घरी येऊन ते पुस्तकात शोधायची, सापडलं तर ठीक. पुढच्या बाकावरच्या मुली हात वर करून प्रश्न विचारत, तेव्हा मला त्यांच्या धीटपणाचं नव्हे, त्यांना काय कळलं नाही हे त्यांना कळतं याचंच नवल वाटायचं. मी तोवर एकही प्रश्न विचारला नव्हता. विचारलं की सगळ्यांना समजेल, ही इथली नव्हे.

पण घरी मात्र मी इंग्रजी येणारी होते. अण्णा चौथीपर्यंत शिकलेले. पोथी वाचत, हिशेब लिहीत, पण रंगाच्या डब्यांवरचं इंग्रजी त्यांना नक्षीसारखं. त्यांच्या जुन्या धंद्यात डब्यावर काही लिहिलेलंच नसे. तुरटीचं पाणी जिभेच्या टोकावर घेऊन ते सांगत, कमी आहे की जास्त. इथला रंग जिभेवर घेण्यातला नव्हता. म्हणून नवा डबा आला की रविवारी सकाळी चहा झाल्यावर ते तो घरी आणत, फडक्यानं पुसून माझ्यासमोर ठेवत आणि मांडी घालून बसत. मी वाचून मराठीत सांगायची. ते मधे बोलत नसत. एकदा ऐकलं की त्यांना पाठ व्हायचं, आणि शेडमध्ये जाऊन ते असं काम करत की स्वतःच वाचलं असावं. शेठचाही समज तसाच असावा. आम्ही कुणी तो दूर केला नाही.

शेठ सिंधी. फाळणीत सगळं टाकून आलेला, चाळिशीचा, उंच माणूस. तो प्रत्येकाला साई म्हणायचा, म्हणून आम्ही त्याला साईशेठ म्हणायचो. त्या हिवाळ्यात एका नव्या मोठ्या कारखान्याच्या कँटीनसाठी टेबलांवर घालायच्या छापील आच्छादनांचं काम त्याला मिळालं होतं. आमच्याकडचं आजवरचं सगळ्यात मोठं. अडचण अशी होती की आमचा जुना रंग दिसायला चांगला, पण चार वेळा पुसलं की सुटून यायचा. नखानं खरवडलं तर अख्खं द्राक्ष निघायचं. म्हणून शेठनं मुंबईहून वेगळा रंग मागवला. आणि शेडमध्ये येऊन अण्णांना म्हणाला, "देखो साई, मशीन येणार आहे. रोलरची. तीन रंग एका वेळी. हे काम बरोबर झालं तर मी तुला मुंबईला पाठवतो, मशीन शिकून ये. नाही झालं, तर मुंबईचा मिस्त्रीच आणावा लागेल. मग दोन माणसं ठेवणं मला जमणार नाही. मी आधीच सांगून ठेवतो, मागून वाईट वाटायला नको."

हे तो चिडून बोलला नव्हता, त्यामुळे जास्त खरं वाटलं. त्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "परत जायचं तर तिकडं काय हाय?" संगमनेरहून रोज पुण्याला जाणारी गाडी नाही, हे मी मनात म्हटलं आणि भाकरी पुढे ओढली.

नव्या रंगाच्या डब्यांबरोबर एक छापील कागद होता. रविवारी तो माझ्यासमोर आला. खंडूही नेमका आलेला, सायकलच्या हँडलला हुलग्याची पुरचुंडी. आईनं शेंगोळ्यांचं पीठ मळायला घेतलं होतं, लसणाचा वास सुटला होता. कागदावर तीन परिच्छेद होते. पहिल्यात रंग ढवळायचा कसा, दुसऱ्यात पातळ किती करायचा. ते मला समजलं. अण्णांनी मान डोलावली. तिसरा परिच्छेद बारीक टाइपात, लांबलचक वाक्यांचा. मी त्याच्या पहिल्या ओळीवर थांबले. चार शब्द ओळखीचे, मग तीन अनोळखी, मग एक ओळखीचा पण तिथं तो काय करतोय ते कळेना. मी पुन्हा सुरुवातीपासून वाचला. समोर अण्णा मांडी घालून बसलेले, खंडू दाराच्या चौकटीला टेकून कौतुकानं बघतोय, आई पिठाचा हात थांबवून ऐकतेय.

"एवढंच?" अण्णांनी विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले.

"आणि ते खाली काय लिवलंय बारीक?" हे खंडूनं विचारलं.

"ते कंपनीचं नाव-पत्ता वगैरे."

आजही औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागद मी उलगडते आणि बारीक टाइप संपेपर्यंत वाचते. नातू हसतो, म्हणतो, आजी, एवढं कुणी वाचत नाही. मी पुढची घडी उलगडते.

सोमवारी छपाई सुरू झाली. दुपारी अण्णा जेवायला आले ते हातात एक तुकडा घेऊन. नखानं त्यावर घासलं, ओल्या फडक्यानं पुसलं, मग आईकडे दिला. "घास. घास जोरात." आईनं राख लावून घासलं. द्राक्ष जागचं हललं नाही. "ह्यो रंग आत शिरतो," अण्णा म्हणाले. "वर बसत न्हाई, आत शिरतो. कापडावानी." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हाताला खरी वस्तू लागली होती. घरची एक रीत होती, नव्या रंगाचा पहिला ठसा घरात राहतो, विकला जात नाही. पिंपरीत आल्यापासून त्यांनी ती पाळली नव्हती. त्या दिवशी त्यांनी तो तुकडा ट्रंकेत, जुन्या ठशांच्या गाठोड्यावर ठेवला.

आणि रंग कापडासारखा निघाला म्हणून त्यांनी पुढचंही कापडासारखंच केलं. लुगडं छापलं की ते वरवर सुकवून घडी घालायची, घड्यांवर घड्या रचायच्या आणि वर वजन ठेवून दोन दिवस तसंच राहू द्यायचं. रंग मुरतो, गडद होतो, मग धुतला तरी जात नाही. त्यांच्या वडिलांनी तेच केलं होतं, आजोबांनी तेच. प्लॅस्टिकवर हे करण्याचं आजवर कधी मनात आलं नव्हतं, कारण जुना रंग मुरणारा नव्हताच. मंगळवारी दुपारपर्यंत साठ-सत्तर आच्छादनं छापून झाली. अर्ध्या तासात ती हाताला कोरडी लागत होती. अण्णा आणि खंडूनं ती टेबलाच्या टोकाला एकावर एक रचली, वर फळी ठेवली, आणि फळीवर ठेवायला घरातून आईचा पाटा नेला.

"आणि मी चटणी कशावर वाटू?" आई म्हणाली.

"दोन दिस चटणीबिगर खाऊ," अण्णा म्हणाले. ते हसत होते. "रंग मुरत घातलाय."

त्या दोन दिवसांत अण्णा शेडमधून येता-जाता त्या चळतीवर सहज हात ठेवत. बुधवारी त्यांनी मला बोलावून वास घ्यायला लावला. गोडसर, पिकल्या केळ्यासारखा आणि मागाहून नाकात झोंबणारा. "मुरतोय," म्हणाले. मला त्या वासात काही वेगळं वाटलं नाही, पण तिसरा परिच्छेद आठवला. कागद माझ्या रसायनशास्त्राच्या वहीत होता. मी तो काढला नाही.

गुरुवारी कॉलेजला सुट्टी होती. सकाळी खंडूनं पाटा उतरवला, फळी काढली आणि वरचं आच्छादन टोकाला धरून उचललं. दुसरं त्याच्याबरोबर आलं, त्याच्याबरोबर तिसरं, आणि मग सगळी चळत टेबलावरून वर उठली, एका जाड गादीसारखी. खंडू म्हणाला, "आरं तिच्या." त्यानं दोन पदर ओढून वेगळे करायचा प्रयत्न केला, ते सुटले, पण वरच्याची द्राक्षं खालच्याच्या पाठीला गेली होती आणि प्लॅस्टिक ओढलं जाऊन पातळ, वेडंवाकडं झालं होतं. फळीच्या कडांच्या जागी खोल वळ पडले होते. अण्णांनी ढिगाऱ्यावर तळहात फिरवला, ताका सोडल्यावर वीण शोधत तसा.

आई दारातून बघत होती. ती म्हणाली, "ओले पापड कुणी एकावर एक रचतं व्हय?"

"वरून कोरडं होतं गं," अण्णा म्हणाले.

"पापड बी वरून कोरडाच लागतो."

शेठ आला तेव्हा ती गादी तशीच टेबलावर पडली होती. त्यानं ती उचलून पाहिली, खाली ठेवली. बराच वेळ खिशातला रुमाल काढून हात पुसत राहिला, हाताला काही लागलेलं नसताना. मग म्हणाला, "कागजमध्ये काय लिहिलं होतं? असं ठेवायचं लिहिलं होतं?"

"न्हाई शेठ. कागदात काही नव्हतं," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे बोट करून, "माझ्या पोरीनं सगळा वाचलाय. इंदू कॉलेजात हाय. त्यात असतं तर तिनं सांगितलं असतं. चूक माझी हाय. मी कापडाची रीत लावली."

इतक्या दिवसांचं झाकलेलं त्यांनी एका वाक्यात उघडं केलं, आणि ते माझ्यावर भरवसा ठेवण्यासाठी. त्यांना स्वतःला इंग्रजी वाचता येत नाही हे कबूल करावं लागलं त्याचं त्यांना काही वाटलं नसावं. आवाजात अभिमानच होता. मी खाली बघत उभी राहिले. टेबलाच्या पायाशी जांभळ्या रंगाचा एक थेंब वाळला होता. तो मला अजून दिसतो.

"सोमवारी मी मुंबईला जातो," शेठ म्हणाला. "मिस्त्री बघून येतो. अर्धा माल छापायचा आहे अजून, तो मिस्त्री छापेल." तो गेला. दारापर्यंत जाऊन परत वळला आणि म्हणाला, "वाईट नको मानू, साई."

शुक्रवारी मी कागद घेऊन कॉलेजात गेले. प्रयोगशाळेत मुलांना मदत करायला एक तरुण शिक्षक असत, नेहमी बाही गुंडाळलेली, बोटांवर ॲसिडचे पिवळे डाग. तास संपून सगळे गेल्यावर मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. ते बाटल्या लावत होते. मी म्हणाले, "सर, हे मला येत नाही." माझ्या तोंडून ते शब्द मी कधी ऐकले नव्हते, ते कुणी दुसरंच बोलल्यासारखे वाटले. त्यांनी मान वर केली, कागद घेतला, बाटली काखेत धरूनच वाचला आणि सांगितला. छपाई झाल्यावर प्रत्येक ताव सुटा, मोकळ्या हवेत निदान एक दिवस-रात्र ठेवावा. थंडी असेल तर दोन दिवस. वरून कोरडा लागला तरी आतलं द्रव उडून गेलेलं नसतं. वास पूर्ण गेल्याखेरीज एकावर एक ठेवू नये, गुंडाळू नये, वजन देऊ नये. नाहीतर ताव चिकटून निकामी होतात. "आणखी काही?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. दोन मिनिटं लागली होती. ते मला हसले नाहीत, रागावले नाहीत, मी कुठली हेही विचारलं नाही. पुन्हा बाटल्या लावू लागले.

परतीच्या गाडीत मला बसायला जागा होती तरी मी दाराजवळ उभी राहिले. पिंपरीला उतरून सरळ शेडमध्ये गेले. अण्णा आणि खंडू जमिनीवर बसून चिकटलेले पदर सोडवत होते. दहातला एक कसाबसा निघत होता. मी दप्तर न ठेवता म्हणाले, "अण्णा, कागदात होतं."

"काय होतं?"

मी तिसरा परिच्छेद मराठीत सांगितला. सगळा. पहिल्या शब्दापासून वजन देऊ नये इथपर्यंत. मग म्हणाले, "मला तो समजला नव्हता. मी एवढंच आहे म्हणाले. पत्ता नव्हता तो."

खंडूनं हातातला पदर खाली ठेवला. त्यानं चेष्टा केली असती तर बरं झालं असतं. अण्णा माझ्याकडे नव्हे, कागदाकडे बघत होते. "दोन दिस म्हणतो? थंडीत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि वास जाईपत्तोर."

"हो."

"म्हंजी रंग चांगलाच हाय," ते म्हणाले. "आमीच घाई केली." मग हळू: "पोरी, समजलं न्हाई म्हणली असतीस तर मी काय तुला कॉलेजातनं काढणार व्हतो?"

मला रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडले तर तेच माझी समजूत काढत बसतील हे मला माहीत होतं. मी म्हणाले, "मी शेठला सांगून येते."

"काही गरज न्हाई. माझं नाव गेलं ते गेलं. तुझं कशाला घालवतीस?"

"तुमचं माझ्यामुळं गेलंय," मी म्हणाले आणि निघाले. आयुष्यात अण्णांचं न ऐकता मी केलेली ती पहिली गोष्ट.

साईशेठचं बिऱ्हाड बराकीत होतं. तो बाहेर बाजेवर बसून चहा पीत होता, आत कुणीतरी पापड भाजत होतं. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. मधे थांबले असते तर राहिलंच असतं. त्यानं कप खाली ठेवला. आत जाऊन एक पत्र्याची पेटी आणली आणि तिच्यातून कागद काढला. तोच. शेठच्या नावानं आलेला, घडीसुद्धा न मोडलेला.

"हा माझ्याकडे पण होता," तो म्हणाला. त्यानं तो उलगडून लांब धरला. "मी सिंधी वाचतो. हिंदी बोलतो. सही इंग्लिशमध्ये करतो, ती शिकून घेतली." मग हसला, पण खाली बघत. "मला वाटलं अण्णा वाचतो. अण्णाला वाटलं तू वाचते. तुला काय वाटलं?"

"मला वाटलं, सगळ्यांना वाटतं मला येतं," मी म्हणाले.

त्यानं उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, "सोमवारी मुंबईला जायचं रद्द नाही करत. एक आठवडा पुढे ढकलतो. अर्धा माल आहे, छापा. जागा लागेल ना वाळवायला?"

जागा म्हणजे आमचं सगळं आवार झालं. खंडूनं मोशीहून बैलगाडीच्या सोलापासून विहिरीच्या दोरापर्यंत जे मिळेल ते आणलं आणि शेडपासून खोलीपर्यंत, खोलीपासून कुंपणापर्यंत दोर बांधले. छापून झालेलं प्रत्येक आच्छादन सुटं टांगलं. थंडीतल्या कोवळ्या उन्हात जिकडेतिकडे द्राक्षंच द्राक्षं. रुळांवरून जाणाऱ्या गाडीतले लोक खिडकीतून वाकून बघत. अण्णांनी वाळवणाचं सगळं काम आईच्या हाती दिलं. ती हाताच्या पाठीनं प्रत्येक पदराला स्पर्श करायची, टोक नाकाशी धरायची आणि सांगायची, "ह्ये न्हाई अजून. ह्ये उतरवा." दोन दिवस झाले तरी तिनं दहा-बारा उतरवू दिली नाहीत. अण्णा म्हणाले, "कागदात दोन दिस लिवलंय." ती म्हणाली, "कागदाला नाक हाय का?"

तिसऱ्या दिवशी तीही उतरली. एकावर एक रचली, सकाळी उचलली, तर प्रत्येक सुटं आलं, कोऱ्या पत्रावळीसारखं. खंडूनं एकेक उचलून मोठ्यानं मोजलं आणि शेवटी पाटा डोक्यावर घेऊन आईच्या चुलीपाशी नेऊन ठेवला. त्या दिवशी लसणीची चटणी झाली. तशी चटणी मी नंतर कधी खाल्ली नाही, असं म्हणायचा मोह होतो. खरं तर तिच्यात मीठ जास्त झालं होतं.

चिकटलेल्या गादीतला एक तुकडा अण्णांनी कातरून ट्रंकेत ठेवला, पहिल्या तुकड्याशेजारी. ट्रंक आता माझ्याकडे आहे. दोन्ही तुकडे पिवळे पडलेत, वाळलेल्या सालीसारखे कडक झालेत. प्लॅस्टिकला मऊ ठेवणारं जे असतं ते वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातं, हे मी पुढे जन्मभर मुलांना शिकवलं. शिकवताना दर वर्षी पहिल्या दिवशी विचारायची, कुणाला काय समजलं नाही. मागच्या बाकाकडे बघून विचारायची.

शेठ मुंबईला गेला तो अण्णांना घेऊनच. महिनाभरानं अण्णा परत आले, सोबत आईसाठी एक आरसा आणि मशीनबद्दल अखंड बोलणं. मग मालगाडीनं मशीन आलं. लाकडी पेट्या फोडल्या, लोखंडी रोलर जागेवर बसले, आणि एका रविवारी सकाळी अण्णा, खंडू आणि शेठ त्याच्याभोवती उभे राहिले. मशीनबरोबर एक पुस्तिका होती. मी पेटीवर बसून वाचून दाखवत होते. खंडूचा हात फिरवायच्या चाकावर होता; त्याला कधी एकदा फिरवतो असं झालं होतं. एक पान झालं, दोन झाली, तिसऱ्याच्या अर्ध्यावर मी थांबले.

"एवढंच?" अण्णांनी विचारलं.

"नाही अण्णा. खाली अजून आहे," मी म्हणाले. "ते मला समजलेलं नाही."

अण्णांनी फडक्याला हात पुसले आणि रिकाम्या पेटीवर माझ्या शेजारी येऊन बसले.

"खंडू, चाकावरचा हात काढ," ते म्हणाले. "उद्या ती इचारून येईल. मग फिरवू."